गिटारचा आयता आवाज

यंत्र विकत घेणाऱ्या माणसाची अशी समजूत असते की, आपण कळ दाबली म्हणजे ते आपल्या आज्ञेप्रमाणे चालू लागते. वस्तुतः पहिली आज्ञा त्यास कारखान्यातच मिळालेली असते. पडदा किती उजळ असावा, अक्षर किती मोठे असावे, आवाज केवढा असावा, हे सारे कोणीतरी आपल्यासाठी आधीच ठरवून ठेवलेले असते. या पूर्वनिश्चित मांडणीस इंग्रजीत 'डिफॉल्ट' म्हणतात. आपण तिला आरंभीची मांडणी म्हणू. आपल्यापैकी बहुतेकजण ती कधी बदलावयास जात नाहीत. यावरून ती ठरविणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, याची कल्पना यावी. ही मांडणी कशी असावी आणि तिच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात एका लहानशा उदाहरणावरून करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे गिटारचा डिजिटल ध्वनिवर्धक.

गोमंतकात गिटार हे वाद्य परके राहिलेले नाही. मांडो गाताना घुमट आणि व्हायोलिन यांच्या जोडीला ते असते. लग्नसमारंभातील वाद्यवृंदात असते. आता विजेवर वाजणारी गिटारही शाळकरी मुलांच्या हाती दिसू लागली आहे. तिच्यासोबत जो डिजिटल ध्वनिवर्धक येतो, तो कधी लहान पेटीच्या रूपाने येतो, तर कधी नुसत्या मोबाईल फोनवरील अॅपच्या रूपाने. पालक मोठ्या हौसेने तो आणून देतात, मुलगा किंवा मुलगी तारेवर बोट फिरवते, आणि त्यातून जो पहिला आवाज निघतो, त्यालाच ते मूल 'माझ्या गिटारचा आवाज' असे समजू लागते. माझे म्हणणे असे की, तो आवाज त्या मुलाचा नसतो, गिटारचाही पुरता नसतो. तो कोणा दूरस्थ अभियंत्याचे मत असतो. ते मत विचारपूर्वक बनविलेले असेल तर मुलाचे कल्याण होते. तसे नसेल तर कित्येक महिन्यांचा सराव वाया जातो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी आधी वाद्याची थोडी ओळख हवी. विजेच्या गिटारला पोलादी तारा असतात. तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली म्हणजे वेटोळ्यात अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. त्यास बळ देऊन कर्ण्यापर्यंत पोचविणे हे ध्वनिवर्धकाचे काम. जुन्या ध्वनिवर्धकांत हे काम काचेचे व्हॉल्व करीत, आणि व्हॉल्वला त्याच्या शक्तीपलीकडे ताणले की आवाज खरखरीत व भरदार होई. रेडिओत हा दोष मानला जातो. गिटारवादकांनी मात्र त्यालाच अलंकार मानले. त्यामुळे गिटारचा ध्वनिवर्धक हे केवळ आवाज मोठा करण्याचे साधन राहिले नाही, ते वाद्याचाच एक भाग बनले. प्रत्येक नामांकित ध्वनिवर्धकाचा स्वतंत्र कंठ असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

डिजिटल यंत्रात व्हॉल्व नसतात. जुन्या ध्वनिवर्धकाचे वर्तन गणिताने मांडून त्याचे प्रतिरूप तयार केलेले असते. त्यास 'मॉडेल' म्हणतात. अमेरिकेतील लाइन सिक्स या कंपनीने १९९८ साली पॉड नावाचे, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे, लहानसे तांबडे यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून हा प्रकार घरोघर पोचू लागला. ज्या ध्वनिवर्धकांना उचलावयास दोन माणसे लागत, असे डझनावारी ध्वनिवर्धक एका हातात मावू लागले. ही सोय खरोखर अपूर्व आहे, आणि तिला नावे ठेवणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु खऱ्या ध्वनिवर्धकाची बटणे शेवटी कोणी कोठे ठेवली होती, हे त्याच्या मालकास ठाऊक असे. मॉडेल मात्र उघडताक्षणी त्याची सारी बटणे कोठेतरी असावीच लागतात. मग ती कोठे असावीत?

यावर पहिले उत्तर असे दिले जाते की, सर्व बटणे मध्यावर, म्हणजे शून्य ते दहा या मापात पाचावर ठेवावीत. मध्य म्हणजे निःपक्षपात, असा यामागील युक्तिवाद आहे. तो ऐकावयास न्यायाचा वाटतो. परंतु तो खरा नाही.

कॅलिफोर्नियातील फेंडर या कंपनीचे १९६३ नंतरचे काळ्या पट्टीचे ध्वनिवर्धक घ्या. त्यांवर खर्जासाठी बेस, तार स्वरांसाठी ट्रेबल आणि काहींवर मधल्या स्वरांसाठी मिडल अशी बटणे आहेत. ही बटणे आवाजात भर घालीत नाहीत, केवळ वजाबाकी करतात. आणि त्यांची रचना अशी आहे की, तिन्ही पाचावर ठेवली असता मधले स्वर चांगलेच खाली दबतात. सर्व स्वरांना जवळजवळ समान न्याय द्यावयाचा असेल, तर मिडल दहावर आणि बेस व ट्रेबल शून्याच्या आसपास आणावे लागतात. म्हणजे दिसावयास जी मांडणी अगदी टोकाची, तीच कानाला समतोल. आणि दिसावयास जी समतोल, ती एका बाजूस झुकलेली. हे झुकणे वाईट असते असे नव्हे, फेंडरच्या प्रसिद्ध स्वच्छ आवाजाचे ते रहस्यच आहे. पण त्यास निःपक्षपात म्हणता येत नाही.

इंग्लंडमधील व्हॉक्स कंपनीच्या एसी-थर्टी या ध्वनिवर्धकावर 'कट' नावाचे एक बटण आहे. ते जसजसे वर न्यावे, तसतसे तार स्वर वाढत नाहीत, उलट कमी होतात. सर्व बटणांना एकच नियम लावणारा मनुष्य येथे फसतो. मेसा बूगी या कंपनीच्या 'मार्क' मालिकेतील ध्वनिवर्धकांत स्वरांची बटणे मुख्य वर्धनाच्या आधी येतात. म्हणून तेथे जोरदार आवाजासाठी बेस पाचावर ठेवला, तर सगळा खर्ज पुढील व्हॉल्ववर आदळून आवाजाचा चिखल होतो. जाणते वादक तेथे बेस एक-दोनवर ठेवतात. शिवाय कित्येक ध्वनिवर्धकांत आवाजाच्या बटणाची चाल सरळ नसते. बटण अर्धे फिरविले तरी वाट जेमतेम दहा ते पंधरा टक्के मोकळी होते, आणि उरलेली पुढच्या अर्ध्यात झपाट्याने उघडते. तेव्हा 'पाच' हा आकडा म्हणजे 'निम्मे' नव्हे. ती पट्टीवरची केवळ एक खूण आहे.

दुसरे उत्तर मूळनिष्ठांचे आहे. मूळ ध्वनिवर्धक जसा वाजविला जाई, अगदी तसाच तो मॉडेलातही उघडावा, असे ते म्हणतात. या मताविषयी मला आदर आहे, व एका बाबतीत ते सर्वथा योग्यही आहे. जिम मार्शल यांनी लंडनमध्ये १९६२ साली फेंडरच्या बासमन या ध्वनिवर्धकावरून आपला पहिला ध्वनिवर्धक घडविला. पुढे १९६५ च्या सुमारास त्यांचा शंभर वॉटचा ध्वनिवर्धक आला. त्यावर 'मास्टर' हे बटणच नव्हते. आवाजाची अखेरची पायरी नेहमीच पूर्ण खुली असे. मास्टर बटण असलेला त्यांचा ध्वनिवर्धक १९७५ साली आला. आता त्या जुन्या ध्वनिवर्धकाच्या मॉडेलात सोयीसाठी मास्टर बटण दिले असेल, तर आरंभी ते पूर्ण उघडे असणे हेच सत्यास धरून आहे. ते पाचावर ठेवले, तर नाव मार्शलचे आणि आवाज भलत्याचाच, अशी गत होईल.

परंतु मूळनिष्ठा येथेच थांबावयास हवी. मूळ वादक शंभर वॉटचा ध्वनिवर्धक हजारो श्रोत्यांसमोर वाजवीत असे. आपला विद्यार्थी रात्री नऊ वाजता, शेजारी झोपले असताना, कानाला हेडफोन लावून वाजवितो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज जितका लहान, तितके आपल्या कानाला खर्ज आणि अगदी तार स्वर कमी ऐकू येतात. मधले स्वर मात्र टिकून राहतात. याचा व्यवहारातील परिणाम मोठा आहे. हळू आवाजात खर्ज व तार वाढवून कानाला गोड केलेली मांडणी मोठ्या आवाजात गडगडाटी आणि कर्कश होते. घरी उत्तम वाटलेला आवाज स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर नेताच असह्य होतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. मुलाला वाटते, आपला हात बिघडला. श्रोत्यांना वाटते, गिटार म्हणजे गोंगाट. आणि पालकांना वाटते, यंत्र हलके निघाले, अधिक महाग घ्यावयास हवे. वास्तविक हात, वाद्य आणि यंत्र ही तिन्ही निर्दोष असतात.

तिसरे उत्तर दुकानाचे आहे. यंत्र सुरू केल्याबरोबर पहिल्या दहा सेकंदांत गिऱ्हाईक थक्क झाले पाहिजे, हा त्याचा मंत्र. म्हणून कित्येक यंत्रांत पहिलाच आवाज असा असतो की, त्यात ताण कमालीचा वाढविलेला, वर देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा, आणि त्यावर प्रत्येक स्वराचा तीन-चार वेळा प्रतिध्वनी. एक तार छेडली तरी मेघगर्जना व्हावी! विक्रेत्याची अडचण मी समजू शकतो. पण शिक्षक या नात्याने मला याचा धोका अधिक दिसतो. ताण फार वाढविला म्हणजे हळुवार आघात आणि जोरकस आघात यांतील अंतर पुसले जाते. सर्व स्वर एकाच बळाचे ऐकू येतात. प्रतिध्वनीमुळे लयीतील चुका झाकल्या जातात. अक्षर वळणदार होण्यापूर्वीच मुलास ठसे मारावयास द्यावे, तसा हा प्रकार आहे. ठसा सुंदर उमटतो, पण हाताला वळण लागत नाही.

यावर कोणी विचारील की, मग आरंभीची मांडणीच नको. ज्याने त्याने आपली ठरवावी. आपल्या गायनपरंपरेत असेच नाही का? तंबोऱ्याला कोणी कायमचा षड्ज ठरवून दिलेला नाही. गाणारा आपला कंठ ओळखून काळी एक किंवा काळी चार असा स्वर निवडतो, आणि तंबोरा त्याप्रमाणे जुळविला जातो. हे उदाहरण मोलाचे आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. प्रथम शिकणाऱ्याचा स्वर तो स्वतः निवडीत नाही, गुरू निवडून देतो. पुढे कान तयार झाला म्हणजे शिष्य आपला निर्णय आपण घेतो. घरी एकट्याने यंत्रासमोर बसलेल्या मुलाजवळ गुरू नसतो. त्याच्या बाबतीत आरंभीची मांडणी हाच पहिला गुरू होय. म्हणून ती नको असे म्हणणे म्हणजे नवशिक्याला वीस बटणांच्या रानात एकटे सोडून देणे होय. मांडणी हवीच, मात्र तिने गुरूचे काम करावे, जादूगाराचे करू नये.

तर मग समंजस मांडणी कोणती? माझे मत थोडक्यात सांगतो. जी मांडणी अजाण वादकाचे नुकसान करीत नाही आणि त्याच्या हातातले काही लपवीत नाही, ती समंजस. ती प्रत्येक मॉडेलास निराळी असावी लागते, आणि ती ठरविणाऱ्याला त्या ध्वनिवर्धकाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. ताण इतकाच असावा की, तार हळू छेडली तर आवाज स्वच्छ राहावा आणि जोराने छेडली तर किंचित खरखरावा. जो ध्वनिवर्धक मुळातच स्वच्छ आवाजासाठी प्रसिद्ध आहे, तो स्वच्छच उघडावा. बेस, मिडल, ट्रेबल ही बटणे भूमितीने न ठेवता त्या ध्वनिवर्धकाचे जाणकार ती जेथे ठेवतात तेथे ठेवावीत. प्रतिध्वनी प्रथम बंद असावा. आवाजातील खरखर दाबणारे 'नॉइज गेट' बंद किंवा अगदी हलके असावे; अन्यथा लांबवलेल्या स्वराची शेपटी ते कापून टाकते.

आणखी दोन गोष्टी आवश्यक आहेत. एक, सर्व मॉडेलांचा आवाज कानाला सारखाच मोठा लागावा. कारण दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा तोच आपल्याला चांगला भासतो, आणि अशा तुलनेत निवड होते ती गुणाची नव्हे, घशाची. दुसरी गोष्ट कर्ण्याची. गिटारचा कर्णा साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे बाहेर सोडीत नाही, आणि तेच त्याचे उपकार आहेत. हेडफोन लावले असता मॉडेलात कर्ण्याचे प्रतिरूप चालू नसेल, तर माशी कानात शिरल्यासारखा आवाज येतो. उलट खऱ्या गिटारच्या कर्ण्याला यंत्र जोडले असताना ते प्रतिरूप चालूच राहिले, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. म्हणून यंत्राने पहिला प्रश्न हाच विचारावा की, तुम्ही मला कशाला जोडले आहे?

माझ्या या मतावर एक आक्षेप मला विचारार्ह वाटतो. इतका कोरडा आवाज ऐकून चौदा वर्षांचे मूल कंटाळणार नाही का? गिटार कोपऱ्यात पडून राहिली, तर समंजस मांडणीचा उपयोग काय? हे खरे आहे. आनंद हा शिक्षणाचा शत्रू नव्हे. शिवाय हेडफोनमधील कोरडेपणा काही नैसर्गिकही नसतो; खोलीत वाजविले असता भिंतींचा थोडा घुमारा आपोआप मिळतोच. म्हणून हेडफोनसाठी लहानशा खोलीइतका घुमारा आरंभीपासून असावा, हे मी मान्य करतो. आणि ते गर्जणारे, घुमणारे आवाजही यंत्रात अवश्य असावेत. पण पहिल्या पानावर नव्हे, दुसऱ्या पानावर असावेत. जेवणात गोड पदार्थ असतोच. लहान मुलाला पानावर आधी काय वाढावे, एवढाच प्रश्न आहे.

यंत्राचे निर्माते आमच्यासारख्यांचा सल्ला विचारावयास येणार नाहीत, हे मी जाणतो. परंतु विद्यार्थिमित्रांनो, मांडणी बदलणे तुमच्या हाती आहे. नवे यंत्र आले म्हणजे पहिल्या दिवशी घुमारा व प्रतिध्वनी बंद करा आणि ताण कमी करा. मग एकेक बटण शून्यापासून दहापर्यंत फिरवून पाहा. एका वेळी एकच, बाकीची जागच्या जागी. काय बदलले ते वहीत मराठीत लिहा: आवाज रुंद झाला, टोचू लागला, मागे सरला. तुमच्याजवळ शब्द आले म्हणजे तुमच्या कानाला डोळे येतील. ज्या आवाजावर तुम्ही रंगमंचावर वाजविणार, तो एकदा तरी मोठ्या आवाजात ऐकून ठरवा. आपली ठरलेली मांडणी वेगळ्या नावाने जतन करा, म्हणजे कारखान्याची मांडणीही शाबूत राहील. शाळेच्या सामाईक यंत्राची एक साधी मांडणी सर्वांनी मिळून ठरवावी, ती कागदावर लिहून पेटीला चिकटवावी, आणि वाजवून झाल्यावर बटणे त्या जागी परत आणावीत. आपण वापरलेली वस्तू पुढच्यासाठी नीट ठेवणे ही शिस्त येथेही लागू आहे. आणि पालकांना एवढीच विनंती की, महाग यंत्र घेण्यापूर्वी घरातल्या यंत्राची बटणे मुलाला एकदा नीट फिरवू द्यावीत.

असो. गिटार हे येथे निमित्त आहे. आज मुलांच्या हाती येणारी बहुतेक यंत्रे आपापली मते घेऊनच येतात, आणि ती मते एवढ्या नम्रतेने मांडलेली असतात की, ती कोणाची तरी मते आहेत याचाच आपल्याला विसर पडतो. प्रत्येक मत नाकारावे असे माझे म्हणणे नाही. पुष्कळदा ते आपल्यापेक्षा जाणत्या माणसाचे असते, आणि ते स्वीकारण्यातच शहाणपण असते. मात्र ते ऐकून, तपासून, समजून स्वीकारावे. कारखान्याने ठरविलेला आवाज महिनाभर पारखून पुन्हा त्याच जागी आणून ठेवणारा विद्यार्थी आणि त्याला कधी हातच न लावणारा विद्यार्थी, या दोघांची बटणे एकाच आकड्यावर दिसतील. पण पहिल्याच्या बाबतीत तो आवाज त्याचा स्वतःचा झालेला असेल.